आरेचा उतार आणि दोन सायकली

मुलुंडहून गोरेगावला जायचं असेल तर लोक आधी दादरला जातात. मुंबईबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. लग्न होऊन सांगलीहून मुलुंडला आले तेव्हा मीही हसले होते. नकाशात ही दोन उपनगरं पाठीला पाठ लावून बसलेली दिसतात, मध्ये फक्त डोंगर, तळी आणि जंगल. पण एक मध्य रेल्वेवर आणि दुसरं पश्चिम रेल्वेवर, म्हणून आधी खाली दादरपर्यंत उतरायचं आणि मग तेवढंच पुन्हा वर चढायचं. पवईवरून आरे कॉलनीतून जाणारा एक रस्ता आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यावरून सायकलने जाऊन आलेलं मात्र आमच्या चाळीत कोणी नव्हतं. मी गेले आणि परत आले. ज्यांना हौस असेल त्यांनी वाचावं आणि मग जायचं की नाही ते ठरवावं.

हौस हा शब्द मी उगाच वापरला, कारण मी काही हौसेने गेले नव्हते. मी शिकलेली नर्स. मीना झाली तेव्हा नोकरी सोडली आणि चार वर्षं घरी बसले. जानेवारीत गोरेगाव पूर्वेच्या, हायवेजवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यातून पत्र आलं: सोमवारी सकाळी आठ वाजता कामावर हजर व्हावे, न आल्यास जागा पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल. गाडीने गेलं तर दादरचा फेरा आणि वर गोरेगावची बस धरून अडीच तास. म्हणजे मीना झोपलेली असताना निघायचं आणि ती झोपेला आली की परतायचं. सायकलने पावणेदोन तास लागतील असा माझा हिशेब होता. आमच्या सांगलीत मुलीला परकर नेसता यायच्या आधी सायकल येते, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

विशेष वाटलं ते सासूबाईंना. त्या मूळ कुडाळकडच्या, सासरे गिरणीत होते, ते गेल्यावर मुलाच्या जिवावर मुंबईत राहिलेल्या. त्यांच्या सख्ख्या भावाचा पाय भांडुपला आग्रा रोडवर लॉरीखाली गेला. तोही सायकलवरच होता. त्यामुळे पत्र वाचून दाखवल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "रस्तो काय तुझ्या बापाशीचो आसा? लॉरयेवालो तुका बघून थांबतलो?"

दोन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. शेवटी माझ्या यजमानांनी मधला मार्ग काढला. (मी त्यांचं नाव घेत नाही, 'हे' म्हणते. इथेही तसंच म्हणणार आहे.) रविवारी दोघांनी दोन सायकलींवर गोरेगावपर्यंत जाऊन यायचं. आठच्या आत दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो आणि दोघं धड परत आलो, तर सोमवारपासून मी कामावर जाणार. सासूबाईंनी त्यात आपली एक ओळ घातली: दोघांतल्या एकालाही खरचटलं, तर पत्र फाडून चुलीत. ह्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. दुसरं काय करणार?

शनिवार, मुलुंड

हे आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर. माझी लेडीज सायकल त्यांनीच जुळवली होती. सांगाडा कुर्ल्याच्या भंगारातून, चाकं दुसऱ्याच एका सायकलची आणि ब्रेकचे रबर मात्र नवे कोरे. शनिवारी कामावरून आले ते चहासुद्धा न घेता अंगणात बसले. दोन्ही सायकली उलट्या करून ठेवल्या आणि खिशातून कापसाच्या धाग्यांचा तो बोळा काढला. कारखान्यात त्याला वेस्ट म्हणतात.

त्यांच्या टूलरूममध्ये एक शिस्त आहे. रविवारी सुट्टी, म्हणून शनिवारी शेवटच्या तासात प्रत्येकाने आपली मशीन झाडून पुसून तिच्यावर तेलाचा हात फिरवायचा, म्हणजे एक दिवस बंद राहिली तरी गंज चढत नाही. अकरा वर्षं दर शनिवारी त्यांनी हे केलं आहे. त्या संध्याकाळी त्यांनी तोच हात दोन्ही सायकलींवर फिरवला. हँडल, दांडा, मडगार्ड, एकेक तार, चाकाच्या कडा. लोखंड कसं चकाकत होतं! शेजारच्या घरी नुकताच रंगीत टीव्ही आला होता आणि सगळी चाळ तिकडे जमली होती. हे एकटे अंगणात बसून, जिभेचं टोक बाहेर काढून, माझी सायकल पुसत होते. मी दारातून पाहत होते. खरं सांगते, मला भरून आलं. एवढं जिवापाड कोणी माझी वस्तू पुसली नव्हती.

भांडुप

सहाला निघालो तेव्हा अजून अंधार होता. डायनामोचा दिवा लावून मी पुढे, हे मागे, कारण त्यांना माझ्यावर लक्ष ठेवायचं होतं. पदर कमरेला घट्ट खोचला होता, पायात कॅनव्हासचे बूट. मीना झोपेतच होती. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, पण 'नीट जा' असं काही म्हणाल्या नाहीत.

आग्रा रोड त्या वेळीही मोकळा नसतो. डाव्या हाताला कारखान्यांच्या भिंती, उजव्या हाताला लॉऱ्या. लॉरी जवळून गेली की साडी आधी तिच्याकडे ओढली जाते आणि मग अंगाला चिकटते. सांगलीत सायकलवर मुलींच्या रांगा निघतात, कोणी मान वर करून बघत नाही. इथे मात्र पहिल्या मैलातच तिघांनी हाका मारल्या. "ए मॅडम, चाक फिरतंय बघ!" असं एक पेपरवाला ओरडला आणि स्वतःच हसला. हे मागून म्हणाले, "लक्ष देऊ नको. रस्ता बघ."

भांडुपच्या नाक्यावर एक हातगाडी गल्लीतून एकदम बाहेर आली. मी ब्रेक दाबला. दांडी हाताशी आली, पण चाकाला काही जाणवलंच नाही. पाय टेकून, बूट घासून, गाडीच्या दांड्यापासून वीतभर अंतरावर मी थांबले. हातगाडीवाला माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बाई, थांबायचं विसरलात काय?"

"ब्रेक लागत नाहीये," मी ह्यांना म्हटलं.

"लागत कसा नाही? रबर नवे आहेत. घासून बसायला वेळ लागतो. तू दाबतेस कुठे, नुसता हात लावतेस."

"दाबला मी."

"सुमन, आता इथे रस्त्यात शिकवू का तुला?"

ते फिटर, मी नर्स. यंत्राच्या बाबतीत त्यांचं ऐकायचं आणि तापाच्या बाबतीत माझं, असं आमच्या घरात पहिल्यापासून चालत आलंय. मी पुन्हा पायडल मारायला लागले. त्यांचा स्वतःचा ब्रेक ते कधी वापरतच नाहीत. पाय खाली टेकवून थांबतात, तीसुद्धा एक ऐट. त्यामुळे त्यांना काही कळायचा प्रश्नच नव्हता. मी मात्र तिथून पुढे ब्रेकवर विसंबले नाही. प्रत्येक गल्ली आली की मी अर्धा पाय खाली सोडून ठेवायची.

पवई, फिल्टरपाडा

गांधीनगरच्या चौकात उजवीकडे वळलो आणि रस्त्याचा आवाज कमी झाला. पवईच्या तळ्याशी पोचलो तेव्हा उजाडत होतं. पाण्यावर धुकं इतकं दाट होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता आणि मासे पकडणारा एक माणूस कमरेपर्यंत नुसत्या पांढऱ्यात उभा दिसत होता. टपरीवर आल्याचा चहा घेतला आणि सासूबाईंनी बांधून दिलेले तांदळाचे घावणे खाल्ले. नारळाची चटणी थंडीने घट्ट झाली होती. इतकं चविष्ट खाणं मी त्याआधी कुठल्याही प्रवासात खाल्लं नव्हतं आणि नेमकं तेच मला गिळवत नव्हतं. ह्यांच्या घड्याळात पावणेसात झाले होते.

"जमतंय की," हे म्हणाले. "आई उगाच घाबरते."

फिल्टरपाड्यापासून चढ सुरू होतो. सुरुवातीला उभं राहून पायडल मारलं, नंतर उतरून ढकलत नेलं. दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच विहार तलावाचं कुंपण, रस्त्यावर आम्ही दोघंच. पहाटे इथे बिबळ्या उतरतो असं टपरीवाल्याने सांगितलं होतं, त्यामुळे झाडीत पान हललं की माझी मान फिरायची. ह्यांना बिबळ्याची नव्हे, घड्याळाची भीती होती. दर पाच मिनिटांनी बाही वर. सात वाजून दहा. सात वाजून वीस. चढ संपला तिथे ते थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, "आता उतार आहे. मोकळी सोड, वेळ भरून निघेल."

आरे

आरेत शिरलं की आधी वास येतो, म्हशींचा आणि शेणाचा. मग गोठ्यांच्या लांबच लांब ओळी, आणि रस्त्याच्या कडेने पॅरा गवताची शेतं. हे म्हशींसाठी लावलेलं गवत मांडीपर्यंत वाढतं आणि त्याला गोठ्यातलं शेणपाणी सोडलेलं असतं, त्यामुळे ते कायम चिखलात उभं असतं. दिसायला हिरवंगार. हा तपशील मी मुद्दाम सांगतेय.

पहिला उतार लहान होता. दुसरा लांब होता, पुढे डावीकडे वळण. सायकल पळायला लागली. वळणाआधी वेग कमी करावा म्हणून मी दोन्ही ब्रेक दाबले. रबर रिमवर घासला की करकर असा आवाज यायला हवा, तो आला नाही. दांड्या हाताशी येऊन टेकल्या, चाकं तशीच फिरत राहिली, उलट जास्तच जोरात. मी पाय खाली सोडला तर बूट उडाला आणि साडीचा काठ साखळीकडे ओढला जायला लागला. पाय वर घेतला.

"अहो! लागत नाहीये!" मी ओरडले.

"दाब!" मागून आवाज आला. "जोरात दाब!"

"अहो, दाबलाय!"

वळण समोर आलं होतं आणि वळणापलीकडून मोठ्या गाडीचा घरघराट ऐकू येत होता. मला तेव्हा मीना आठवली, देव आठवला, असं काही झालं नाही. डावीकडे गवत दिसलं एवढंच. मी हँडल फिरवलं. सायकल कडेवरून उडाली, एक क्षण काही टेकलंच नाही, आणि मग सगळं हिरवं आणि ओलं झालं. मी थांबले तेव्हा गुडघ्यापर्यंत शेणपाण्यात होते, सायकल दोन पायांत धरून उभी, हातात हँडल. पडलेसुद्धा नव्हते.

त्याच वेळी हे माझ्या मागून रस्त्यावरून निघून गेले. त्यांनी मला गवतात शिरताना पाहिलं होतं, थांबायला ब्रेक दाबला होता, कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांचा चेहरा मला एवढाच दिसला: तोंड उघडं आणि डोळे आपल्याच हाताकडे. मग ते वळणाआड गेले. हॉर्न वाजला, एकच लांबलचक, आणि टायर घासल्याचा आवाज आला.

चिखलातून बाहेर यायला मला किती वेळ लागला ते माहीत नाही. एका पायात बूट, एका पायात चिखल, मी धावत वळणावर आले. टँकर रस्त्यात आडवा उभा होता. त्याच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर हे पडले होते, कुशीवर, अगदी स्वस्थ. सायकलचं पुढचं चाक वाकून पापडासारखं झालं होतं.

"मधुकर!" मी ओरडले. लग्नात उखाणा घेतला तेवढंच काय ते नाव तोंडून निघालेलं. आता एकदा आलं ते थांबेचना. "मधुकर! मधुकर, ऊठ! ऊठ रे!"

त्यांनी एक डोळा उघडला आणि पुटपुटले, "ओरडू नको. लोक बघतायत."

मी तिथेच डांबरावर बसले आणि रडले. हसतही होते बहुतेक. टँकरचा ड्रायव्हर खाली उतरला होता. "भाभी, हमारा ब्रेक लगा," तो सारखा म्हणत होता. "हमारा लगा, इनका नहीं लगा."

मी ह्यांना तपासलं. डोकं शाबूत, कपाळाला खरचटलेलं, गुडघा सोललेला. पण डावं मनगट डोळ्यांदेखत सुजत होतं आणि बोटांना मुंग्या येत होत्या. ड्रायव्हर म्हणाला, मी पवईकडे चाललोय, दोघंही बसा, सायकलीही वर टाकतो, भांडुपपर्यंत सोडतो.

"चल," हे म्हणाले. "परत जाऊ. संपलं आता."

संपलं म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. एकाला खरचटलं तरी पत्र चुलीत, आणि इथे तर नुसतं खरचटण्यावर भागलं नव्हतं. मी मनगटाकडे पाहिलं. भांडुप किती लांब, दवाखाना किती जवळ, याचा विचार केला. दवाखाना दोन मैलांवर, पुढे.

"दवाखाना पुढे आहे," मी म्हटलं. "हाताला वेळ लावून चालणार नाही. पुढे जायचं."

त्या वाक्यात मनगट किती होतं आणि माझी नोकरी किती, हे मला आजही सांगता येणार नाही. ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि टँकर सरळ करून निघून गेला. तो दिसेनासा झाल्यावर मला वाटलं, आपण काय करून बसलो हे!

ह्यांच्या सायकलचा पंप मनगटाखाली धरून, पदराची पट्टी फाडून मी हात बांधला. मग गवतातून माझी सायकल ओढून काढली. चाकाची कड अंगठ्याने पुसली. चिखलाखालून अंगठा बुळबुळीत आणि चकाकता बाहेर आला. मी तो ह्यांच्यासमोर धरला.

"रिमला तेल लावलंत?"

"सगळ्यालाच लावलं," ते म्हणाले. "गंज चढू नये म्हणून. मशीनला लावतो तसं."

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात आलं आणि तिथेच राहिलं. ब्रेकचा रबर ज्या लोखंडाला धरून चाक थांबवतो, तेच लोखंड त्यांनी एवढ्या मायेने बुळबुळीत करून ठेवलं होतं. मला संताप आला. इतका की मी तोंड फिरवून गवताकडे बघत उभी राहिले. भांडुपला मी सांगितलं होतं. सांगितलं होतं ना? पण त्यांचा चेहरा असा झाला होता की ते शब्द मी गिळले.

"रॉकेलनं निघेल," ते म्हणाले. "नाहीतर थिनर पाहिजे."

आरेच्या मधोमध सकाळी साडेसातला थिनर कुठून आणायचं? तेवढ्यात कडेच्या पायवाटेने एक बाई आली, डोक्यावर लाकडाची मोळी. पलीकडच्या वारली पाड्यावरची असावी. तिने आधी ह्यांचा हात पाहिला, मग माझी साडी, मग सायकल.

"काय झाला गे बाय?"

"रिमला तेल लागलंय. ब्रेक धरत नाही."

"मग राख लाव ना," ती म्हणाली, जसं काही मी खुळीच आहे.

मी खुळीच होते. रोज तेलाची कढई राखेने घासणारी मी, आणि थिनरचा विचार करत उभी राहिलेली! तिच्या झोपडीपुढे भांडी घासायची जागा होती. तिने चुलीतली राख टोपलीत आणली आणि भाताच्या पेंढ्याचा बोळा हातात दिला. आम्ही दोघींनी सायकल उलटी केली. तिने पुढचं चाक घेतलं, मी मागचं. राख चोळायची, पेंढ्याने घासायचं, पाणी ओतायचं, बोट फिरवून बघायचं, पुन्हा राख. रबरसुद्धा घासले. तिसऱ्या वेळी बोट रिमवर सरकलं नाही, अडकलं. मी चाक फिरवलं आणि ब्रेक दाबला. करकरलं! हे दगडावर बसून, हात छातीशी धरून, सगळं बघत होते. अकरा वर्षं लोखंडाचं काम केलेल्या माणसाला दोन बायका चाक घासून दाखवत होत्या.

त्यांची मोडकी सायकल त्या बाईच्या कुडाला टेकवून ठेवली. "नेतील कुणीतरी येऊन," मी म्हटलं. ती म्हणाली, "असू दे, खात नाय ती काय."

हायवेचा नाका

मग ह्यांना कॅरियरवर बसवलं. नवऱ्याला डबलसीट घेऊन चाललेली चिखलाने माखलेली बाई आरेतल्या दूधवाल्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली असणार. एकाने कॅन खाली ठेवला आणि नुसता बघत राहिला.

शेवटचा उतार हायवेच्या नाक्यावर उतरतो. तिथे अहमदाबादकडे जाणाऱ्या लॉऱ्या थांबत नाहीत. उतार सुरू झाला आणि मी ब्रेकच्या दोन्ही दांड्यांवर बोटं ठेवली. मगाशी सायकल उलटी असताना ब्रेक लागला होता, आता वर दोन माणसांचं वजन होतं. ह्यांना माझ्या पाठीमुळे समोरचं काही दिसत नव्हतं आणि धरायला एकच हात होता. त्या हाताने त्यांनी माझी कंबर घट्ट धरली होती. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या.

"लाव," ते कानाशी म्हणाले. "सुमन, ब्रेक लाव."

"लावतेय."

"लागतोय?"

मी दाबला. करकर आवाज आला, वेग थोडा उतरला. पुन्हा दाबला. नाक्यावरून एक लॉरी गेली, तिच्या मागोमाग दुसरी. उतार संपायला पन्नास पावलं असताना सायकल चालण्याच्या वेगावर आली आणि नाक्यावर मी एक पाय टेकून उभी राहिले. लॉरीचा वारा अंगावर आला आणि गेला. मागून लांब श्वास सोडल्याचा आवाज आला.  रस्ता मोकळा होईपर्यंत मी ब्रेक सोडला नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा आतल्या घड्याळात आठ वाजून बारा मिनिटं झाली होती. बारा मिनिटं उशीर. म्हणजे तीही अट गेली. कंपाउंडरने आम्हाला नखशिखांत न्याहाळलं, नाकाला रुमाल लावला आणि बाकावर वर्तमानपत्र पसरून मगच बसू दिलं. डॉक्टरीणबाई रविवारीही असतात. त्यांनी पट्टी सोडली, पंप बाजूला ठेवला, हात दाबून पाहिला आणि बहुतेक बारीक चीर असावी म्हणाल्या. कच्चं प्लास्टर घातलं, उद्या एक्स-रेचा फोटो काढायला सांगितला. मग माझं नाव विचारलं. मी सांगितल्यावर टेबलावरची यादी पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "उद्या येणार ती तूच ना? अंघोळ करून ये."

 उद्या येणं आता माझ्या हातात राहिलं नव्हतं.

परत

डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बसने घरी जायला सांगितलं. बाहेर आल्यावर ते कॅरियरशी जाऊन उभे राहिले.

"बस तिकडे आहे," मी म्हटलं.

"मी बसने गेलो तर आई म्हणेल, सायकलने परत येताच आलं नाही."

एवढंच बोलले आणि बसले. चढावर उतरायचे, सपाटीवर बसायचे, उतारावर डोळे मिटायचे. आरेच्या स्टॉलवर थंड मसाला दूध घेतलं. मी दोन बाटल्या प्याले, कारण आता गिळवत होतं. पवईच्या तळ्यावरचं धुकं गेलं होतं आणि सकाळी धुक्यात न दिसलेला काठ म्हणजे साधी झुडपं आणि धुणं धुणाऱ्या बाया होत्या. भांडुपला सावलीत बसून आम्ही उरलेले घावणे खाल्ले. घरी काय सांगायचं हे ना त्यांनी काढलं, ना मी. मी मनात ठरवून टाकलं होतं की मी काही सांगणार नाही. तेल मी लावलं नव्हतं. ते सांगायचं असेल तर ज्याने लावलं त्याने सांगावं, आणि नसेल सांगायचं तर मी गप्प राहून चुलीत पत्र जळताना बघेन. पण मग त्या गप्प बसण्याचं आमच्या संसारात पुढे काय होईल, याचा विचार मी आग्रा रोडभर करत होते.

एक वाजला होता. चाळीच्या तोंडाशीच पोरं धावत आली. सासूबाई दारात उभ्याच होत्या, मीना त्यांच्या कडेवर. त्यांना आधी कॅरियरवरचा मुलगा दिसला, मग पांढरं प्लास्टर, मग मी, वाळलेल्या शेणाने भरलेली. त्यांनी मीनाला खाली ठेवलं.

"पाडलंस त्येका?" त्या मला म्हणाल्या. आवाज वर नव्हता. तसा आवाज मी त्यांच्या तोंडी कधीच ऐकला नव्हता.

मी स्टँडवर सायकल लावली. सगळी चाळ आपापल्या दारात आली होती. ह्यांचे कारखान्यातले दोन सोबतीही त्यात होते, ज्यांच्या सायकली दुरुस्त करून हे मोठे कारागीर ठरले होते. हे खाली उतरले. आईच्या आणि माझ्या मधोमध उभे राहिले.

"आये," ते म्हणाले. आईशी बोलताना ते नेहमी मालवणीत बोलतात. "मी पडलंय. ती नाय पडली. ब्रेकाक तेल मीच लावलंय, चुकी माझी. माका दवाखान्यात तिनाच न्हेल्यान, आणि थयसून घराक पण तिनाच हाडल्यान."

सोबत्यांपैकी एकाने मान खाली घातली. सासूबाई सायकलपाशी आल्या. वाकून त्यांनी मागच्या चाकाच्या कडेवर बोट फिरवलं आणि बोट डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

"ही राख खंयसून इली?"

"मी घासली," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आत गेल्या. चूल आत होती आणि पत्र चुलीवरच्या फळीवर ठेवलेलं होतं. मी अंगणातच उभी राहिले, मीना माझ्या चिखलाच्या साडीला हात लावू की नको करत होती. आत भांडं सरकल्याचा आवाज झाला. मग सासूबाईंचा आवाज आला, नेहमीचा, कामात असलेल्या बाईचा.

"मगे उद्या डबो कितक्या वाजता होयो?"

"साडेपाचला," मी म्हटलं.